२६ फुटी बोटीचं कॉकपिट: बसायची आणि सामानाची जागा स्वतः सुधारताना काय काय झालं

पार्श्वभूमी

बोट ज्यांची आहे त्यांना इथे दादा आणि वहिनी म्हणतो, नावं द्यायची नाहीत असं आमचं ठरलंय. दोघंही साठीच्या आसपास. बोट शिडाची, २६ फुटी, जुनी, फायबरग्लासची, चाक नाही, टिलर आहे, म्हणजे सुकाणू फिरवायचा दांडा. हंगामात आठ-दहा दिवस सलग किनाऱ्या-किनाऱ्याने फिरायचं, रात्री कुठेतरी नांगर टाकायचा, असा त्यांचा प्रवास. मी बरेचदा बरोबर असतो आणि या कामात पहिल्या दिवसापासून हात घातलेला होता, त्यामुळे जे लिहितोय ते बघितलेलं आणि केलेलं आहे.

कॉकपिटची, म्हणजे बोटीच्या मागच्या उघड्या बसायच्या जागेची, मापं आधी सांगतो कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. दोन्ही बाजूंना १.८५ मीटर लांब बाकं, रुंदी ४२ सेंमी. मधला पाय ठेवायचा खड्डा ५८ सेंमी रुंद आणि ४० सेंमी खोल. पाठीमागे कोमिंग, म्हणजे कडेची उभी भिंत, २२ सेंमी उंच, अगदी सरळ उभी, आणि तिची वरची कड बरोबर कमरेच्या वरच्या मणक्यात रुतते. उजव्या बाकाखाली केबिनमधली झोपायची जागा येते म्हणून तिथे लॉकर नाही. डाव्या बाकाखाली एकच मोठं लॉकर, १.४ मीटर लांब आणि खोल थेट हलच्या, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या कवचाच्या, तळापर्यंत, आत एकही फळी नाही. अगदी मागे ट्रान्समजवळ, म्हणजे बोटीच्या मागच्या सपाट भिंतीजवळ, अजून एक छोटं लॉकर.

अडचण

पाठीची तक्रार जुनीच होती. चार तासांच्या वरचा पल्ला झाला की वहिनी पाठीमागे रेनकोटची गुंडाळी घेऊन बसायच्या, ती दर टॅकला, म्हणजे बोट वाऱ्यातून वळवून दुसऱ्या बाजूला कलताना, सरकायची, आणि दादा म्हणायचे पुढच्या वर्षी बघू. ते पुढचं वर्ष काही येत नव्हतं.

काम खरंच सुरू झालं ते मात्र दुसऱ्या कारणामुळे. एका संध्याकाळी धक्क्याला लागताना दादांनी गिअर रिव्हर्सला ओढला आणि तो न्यूट्रलच्या पुढे जाईचना. बोट दोन-अडीच नॉटने पुढे चाललेली, समोर दगडी धक्का, वहिनी पुढे फेंडर, म्हणजे धक्क्याचा मार खाणारी फुगीर उशी, घेऊन. त्यांनी फेंडर मधे धरला म्हणून पुढच्या टोकाला फक्त ओरखडा आला. नंतर लॉकर उघडून पाहिलं तर गिअरची केबल त्या लॉकरच्या आतल्या बाजूने उघडीच जाते, आणि दिवसभर बोट कलून चालल्यामुळे सरकलेलं जाड दोराचं भेंडोळं केबलच्या टोकाच्या लिव्हरवर जाऊन पाचरीसारखं बसलं होतं. इंजिन ठीक, गिअरबॉक्स ठीक, केबल ठीक, बिघाड होता तो सामान ठेवायच्या पद्धतीत.

त्याच लॉकरमध्ये तळाशी एक जादा गॅस सिलिंडर पण सापडला, दोरांच्या खाली, आडवा पडलेला. प्रोपेन हवेच्या साधारण दीडपट जड आणि ब्युटेन दुप्पट, गळला तर तो सरळ तळाला बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या पोटातल्या सगळ्यात खालच्या जागेत, जाऊन साचतो आणि हे लॉकर बिल्जला उघडं आहे. तो त्याच क्षणी बाहेर काढला. त्याला स्वतंत्र हवाबंद पेटी हवी, तिच्या तळातून नळी बोटीच्या बाहेर पाण्याच्या रेषेच्या वर उघडणारी. ही पेटी आम्ही मागच्या छोट्या लॉकरमध्ये पहिल्या आठवड्यातच बसवली, बाकी काही सुरू करायच्या आधी. यावर चर्चा करायचं कारणच नव्हतं.

आधी नुसतं लिहून काढलं

दादांना लगेच करवत हातात घ्यायची होती. वहिनी म्हणाल्या, "अहो, आधी तीन फेऱ्या फक्त लिहू या, कोण कुठे बसतं आणि काय काय शोधतं ते." मला हा सगळ्यात चांगला निर्णय वाटतो या पूर्ण प्रकरणातला. वहीत त्यांनी दोनच गोष्टी लिहिल्या, कोणती वस्तू लागली आणि ती हातात यायला किती वेळ होता.

तीन फेऱ्यांनंतर वहीच बोलायला लागली. विंचचं (शिडाचा दोर ओढायच्या चक्राचं) हँडल, चाकू, टॉर्च, भोंगा, दुर्बीण या गोष्टी लागतात तेव्हा पाच सेकंदात लागतात, आणि त्यातल्या तीन केबिनमध्ये होत्या. फेंडर, धक्क्याचे दोर, बादली यांना एखाद-दुसरं मिनिट मिळतं. जादा नांगर, जादा शीड, डिझेलचं कॅन, हत्यारं यांना अर्धा तास मिळाला तरी चालतो, आणि नेमक्या याच गोष्टी लॉकरमध्ये सगळ्यात वर होत्या कारण त्या शेवटी आणून टाकल्या होत्या.

बसण्याबद्दल पण वेगळंच निघालं. आम्ही धरून चाललो होतो की गादी नाही म्हणून त्रास होतो. वहीत मात्र वहिनींच्या नोंदी बहुतेक सगळ्या पाठीबद्दल आणि पायाबद्दल होत्या. बोट कलली की वरच्या बाजूला बसलेला माणूस समोरच्या बाकाच्या कडेला पाय टेकवून स्वतःला धरून ठेवतो, आणि वहिनींची उंची कमी असल्यामुळे ५८ सेंमीच्या खड्ड्यापलीकडे त्यांचे पाय जेमतेम पोचायचे, म्हणजे अख्खा वेळ पोटऱ्या ताणलेल्या.

कोणते पर्याय होते

पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो तोच, जाड गाद्या शिवून घ्यायच्या आणि विषय संपवायचा. पण ५ सेंमी जाड गादी घातली की बसायची उंची ४० ची ४५ होते, वहिनींचे पाय आणखी लोंबकळतात, आणि पाठीमागची २२ सेंमीची कोमिंग १७ वर येते म्हणजे आधाराला आणि सुरक्षेला दोन्हीला कमी. फायदा एकच, केबिनच्या छपरावरून पुढचं जास्त दिसतं. म्हणजे नुसती गादी म्हणजे एक दुखणं बरं करून दोन नवी घेण्यासारखं होतं.

दुसरा पर्याय कोमिंगच कापून तिरकी नव्याने बांधायची. दिसायला सुंदर, पण काम महिन्यांचं, आणि विंच कोमिंगवरच बसवलेले असल्यामुळे त्यांच्या खालचा भाग कमकुवत करायची भीती. सोडून दिला.

तिसरा पर्याय दादांचा आवडता होता आणि त्यावर आमची बरीच वादावादी झाली. कॉकपिटच्या खड्ड्याच्या बाजूला चौकोनी भोक कापून तिथे प्लास्टिकचं दार असलेला तयार कप्पा बसवायचा, चाकू-टॉर्च वगैरे ठेवायला. दिसायला सोपं, दोन तासांचं काम. माझा विरोध पाण्यामुळे होता. हा खड्डा साधारण १.८ मीटर लांब, म्हणजे लाट आत आली तर हिशोबाने ४०० लिटरच्या वर पाणी, समुद्राचं पाणी म्हणून सव्वाचारशे किलोच्या आसपास वजन, आणि ते बाहेर जायला तळाशी २५ मिमीची दोन भोकं. ऑफशोअर, म्हणजे किनाऱ्यापासून दूरच्या, शर्यतींच्या नियमांत एवढ्या छोट्या बोटीला किमान तेवढंच मागतात, पण तरी खड्डा रिकामा व्हायला कित्येक मिनिटं जातात, आणि तेवढा वेळ ते हलकं दार पाण्याखाली राहणार. उजव्या बाजूला त्या भोकामागे थेट केबिनमधली गादी, डाव्या बाजूला इंजिन. १९७९ च्या फास्टनेट या इंग्लंडमधल्या शिडाच्या बोटींच्या शर्यतीतल्या वादळानंतर जी चौकशी झाली तिच्यात केबिनच्या दाराच्या फळ्या निसटून जाण्यावर केवढा भर होता हे मी दादांना सांगितलं, की बोट पाण्याने भरते ती बहुतेक अशाच उघड्या राहिलेल्या जागांतून. ते दोन दिवस गप्प होते, मग म्हणाले भोक नको.

शेवटी ठरलं ते असं: पाठीला काढता येणारी फळी, पातळ गादी, पायाखाली पट्ट्यांची जाळी, छोट्या वस्तूंना कोमिंगच्या आतल्या बाजूला कापडी खिसे, आणि मोठ्या लॉकरच्या आत विभागणी. कॉकपिटच्या खड्ड्याला एकही नवीन भोक नाही.

पाठीची फळी

९ मिमी मरीन प्लायवर थेट काम न करता आधी पुठ्ठ्याचा नमुना केला, जाड खोक्यांचा, चिकटपट्टी लावून. कोमिंगला टेकवून मागे साधारण १२-१५ अंश कलेल अशी पाठ, खालच्या टोकाला बाकावर टेकणारे दोन ठोकळे, वरचं टोक कोमिंगच्या कडेवर अडकणारं. पुठ्ठा बसवून वहिनी अर्धा तास बसल्या, पेनाने खुणा केल्या, कमरेला टेकायचा उंचवटा ४ सेंमी खाली घेतला.

आणि त्याच पुठ्ठ्याने मोठी चूक वाचवली. विंचचं हँडल फिरवून बघितलं तर त्याची मूठ फळीच्या पुढच्या टोकावर आदळत होती. हँडल १० इंची, म्हणजे विंचच्या मध्यापासून २५ सेंमी त्रिज्येचं पूर्ण वर्तुळ मोकळं लागतं, शिवाय बोटांची जाडी. फळी पुढून ८ सेंमी आखूड केली. हेच प्लाय कापून, इपॉक्सीचे (दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या राळेचे) तीन हात देऊन, वर युव्ही वॉर्निश लावून झाल्यावर कळलं असतं तर काय वाटलं असतं याची कल्पना करवत नाही.

गादीचं कापड आणि फोम

इथे आमची एक फेरी वाया गेली. दादांनी चाचणी म्हणून घरातल्या जुन्या गादीचा फोम कापून आणला, साधा पॉलियुरेथेन. पहिल्याच दिवशी एक तुषार आला आणि पुढचे दोन दिवस बसलं की पाणी, उठलं की पाणी, त्यात मीठ असल्यामुळे ते नीट वाळतच नाही, हवेतला ओलावा परत ओढून घेतं.

त्यानंतर दोन प्रकार समोर होते. बंद पेशींचा फोम, जो पाणी पितच नाही आणि तरंगतो पण, आणि दुसरा मोठ्या उघड्या भोकांचा जाळीदार फोम, ज्यातून पाणी सरळ खाली निथळून जातं. जाळीदार फोम बसायला मऊ पण त्याला जाडी लागते, ८-१० सेंमी तरी, आणि उंची तर आम्हाला वाढवायची नव्हती. म्हणून बाकांना ३ सेंमीचा बंद पेशींचा घेतला. त्यातही पॉलिइथिलिनचा कडक लागतो आणि रोज बसून बसून दबतो, पीव्हीसी-नायट्राइलचा मऊ असतो, आम्ही दुसरा घेतला. पाठीच्या फळीवर मात्र जाळीदार फोमचा पातळ थर.

कापड वरून ॲक्रिलिक, फिक्या रंगाचं, गडद व्हिनाइल उन्हात मांड्या भाजवतं. खालून विनाइल चढवलेली पॉलिएस्टर जाळी, म्हणजे पाणी अडत नाही आणि गादी घसरत पण नाही. दोरा पॉलिएस्टरचा, युव्ही टिकणारा. चेन प्लास्टिकच्या दातांची. धातूची चेन, अगदी स्लायडर जरी धातूचा असला, तरी मिठाने जाम होते. प्रत्येक गादीला दोन फासे, कारण मोकळी गादी वाऱ्याने उडून जायला एक झोत पुरतो.

पायाखालची जाळी

खड्ड्याच्या तळाला लाकडी पट्ट्यांची ६ सेंमी उंच जाळी केली. यावर एक पर्याय असा होता की तळाला एक आडवी पट्टी बोल्टने बसवायची, त्यावर पाय टेकवायचे. पण तळ सँडविचचा आहे, म्हणजे फायबरग्लासच्या दोन थरांमधे बाल्सा हे हलकं लाकूड, आणि त्यात भोक पाडायचं तर आधी मोठं भोक पाडून आजूबाजूचा बाल्सा कोरायचा, तिथे घट्ट केलेलं इपॉक्सी भरायचं, वाळलं की त्यातून बोल्टचं भोक पाडायचं, नाहीतर पाणी बाल्सात शिरून काही वर्षांत तळ मऊ होतो. करता येतं, आम्ही केलंही असतं, पण जाळीने तेच काम एकही भोक न पाडता होत होतं. जाळीला मधे वर चढवलेली एक पट्टी आहे, कललेल्या बोटीत वहिनींचा पाय आता तिच्यावर टेकतो. पाणी खालून भोकांकडे जातं, आणि जाळी दोन दोऱ्यांनी बांधलेली आहे, तरंगून वर येऊ नये म्हणून. रोज उचलून भोकांत कचरा अडकलाय का बघायचं, हे त्यांच्या सकाळच्या कामांत आलं.

लॉकरची विभागणी

हे सगळ्यात वेळखाऊ. ९ मिमी प्लायच्या दोन आडव्या फळ्या आणि एक उभी भिंत, म्हणजे गिअर केबल आणि एक्झॉस्टची नळी एका बंद बाजूला आणि सामान दुसऱ्या बाजूला. हलला थेट स्क्रू मारता येत नाही, म्हणून लाकडी ठोकळे इपॉक्सी आणि काचेच्या कापडाने हलला चिकटवले. पेंट घासून खाली फायबरग्लासमधली काच दिसेपर्यंत जायचं, हे दादांनी मन लावून केलं. पण पहिला थर वाळल्यावर वरती जो मेणासारखा चिकट थर येतो, अमाइन ब्लश म्हणतात त्याला, तो पाण्याने आणि खरखरीत स्पंजने न धुता त्यांनी दुसऱ्या दिवशी पुढचा थर दिला. तीन आठवड्यांनी चार ठोकळ्यांपैकी एक हातात निघून आला. मग तो धुऊन, घासून परत केला, आणि उरलेले तीन पण ठोकून तपासले. ब्लश साध्या पाण्याने निघतो, आणि धुवायचा तो घासायच्या आधी, नाहीतर सँडपेपरने तोच पसरतो.

उभ्या भिंतीचा निर्णय महत्त्वाचा ठरला. दादांना ती पक्की चिकटवायची होती, मजबूत म्हणून. पण तिच्या मागे प्रोपेलरच्या शाफ्टची पाणी अडवणारी पॅकिंग आणि पाण्याचा एक सीकॉक, म्हणजे हलमधल्या भोकावरचा नळ, आहे. रात्री दीड वाजता सीकॉकची नळी सुटली तर भिंत फोडणार का, असं मी विचारलं. म्हणून भिंत चार फिरत्या खिट्ट्यांवर, हत्याराशिवाय दहा सेकंदात निघते, आम्ही वेळ लावून पाहिली. भिंतीच्या खाली २ सेंमी फट, लॉकरमध्ये आलेलं पाणी बिल्जपर्यंत जायला.

झाकणाला पूर्वी एकच कडी होती, आता दोन, कडेने बंद पेशींचं गॅसकेट, आणि आतून एक दोरी म्हणजे झाकण उघडं असताना बोटांवर पडत नाही. निघाल्यापासून झाकण कायम कडी लावूनच, हा नियम वहिनींनी केला आणि त्यात सूट नाही.

खिसे

कोमिंगच्या आतल्या बाजूला जाळीच्या कापडाचे चार खिसे, बटणांवर, म्हणजे काढून धुता येतात. तिथली भिंत एकसंध फायबरग्लासची, त्यामुळे छोटे स्क्रू चालले. ड्रिल आधी उलटं फिरवून जेलकोटला, म्हणजे वरच्या चकचकीत थराला, खळगी पाडायची आणि मग सुलट, म्हणजे कडा टवकत नाहीत. भोकाचं तोंड थोडं रुंद करून पाणी अडवायला चिकट ब्यूटिल टेप भरली, आणि स्क्रू एका दमात न आवळता दोन-तीन दिवसांत थोडे थोडे आवळले.

परिणाम

एक पूर्ण हंगाम झाला. पाठीची फळी अपेक्षेपेक्षा चांगली निघाली, वहिनी आता सहा-सात तास सुकाणूवर बसतात. केबल परत कधी अडकली नाही. भोंगा आणि चाकू खिशात हात घातला की मिळतात.

दोन गोष्टी मात्र कुणालाच सुचल्या नव्हत्या. पहिली, टिलर पायलट, म्हणजे टिलर आपोआप हलवून दिशा धरणारं यंत्र. शांत वाऱ्यात सुद्धा तो बोट दहा-पंधरा अंश डावी-उजवी भटकवायला लागला आणि आम्ही दोन दिवस शिडांना दोष दिला. त्याच्या आतच चुंबकीय होकायंत्र असतं, आणि त्याच्या शेजारच्या नव्या खिशात वहिनींनी गाण्यांचा छोटा स्पीकर ठेवला होता. स्पीकरमध्ये चुंबक. तो काढला आणि पायलट सरळ झाला. जागा नव्हती तोवर त्या स्पीकरला तिथे यायचं कारणच नव्हतं, जागा केली म्हणून तो आला. आता मागच्या दोन खिशांवर पेनाने "लोखंड नाही, चुंबक नाही" असं लिहिलंय, एक मीटरचं अंतर धरून.

दुसरी जास्त गंभीर. लॉकर नीटनेटकं झालं म्हणून त्यात सामान वाढलं. पाण्याची दोन कॅन, हत्यारांची पेटी, जादा नांगर, सगळं छान बसतं म्हणून आलं, साधारण ६० किलो आणि सगळं मागे. हंगामाच्या मध्यावर खड्ड्याच्या तळाला सकाळी पाणी दिसायला लागलं, पाऊस नसताना. बोटीची शेपटी दोन-तीन सेंमी खाली बसली होती आणि तळाची भोकं पाण्याच्या रेषेला आल्यामुळे समुद्र उलटा आत येत होता. जाळी उंच असल्यामुळे ते लवकर लक्षातही आलं नाही, याचं मला वाईट वाटतं, कारण जाळी माझी कल्पना. नांगर आणि कॅन मास्टजवळ (डोलकाठीजवळ) केबिनच्या जमिनीखाली हलवले आणि दुसऱ्या दिवशी तळ कोरडा.

पुन्हा करायचं झालं तर

काम सुरू करायच्या आधी बोट पाण्यात असताना ट्रान्समवर पाण्याच्या रेषेची खूण करून ठेवायला हवी होती, एक मार्करची रेघ, बस. लॉकरचं काम संपल्यावर लगेच तुलना झाली असती. आणि प्रत्येक कप्प्यात किती किलो ठेवायचं ते आधी ठरवायला हवं होतं. आम्ही फक्त काय ठेवायचं ते ठरवलं.

लॉकरला हवा कमी मिळते हेही आमच्याकडून राहिलं. चांगलं गॅसकेट लावलं की ओला दोर आत वाळत नाही, दोन महिन्यांत फळ्यांवर काळी बुरशी आली. पक्क्या फळ्यांऐवजी पट्ट्या-पट्ट्यांची शेल्फ केली असती तर हवा खेळली असती, वजनही वाचलं असतं. आता दादांनी फळ्यांना ५ सेंमीची भोकं पाडलीत आणि नांगरावर असताना, पाणी शांत असेल तर, झाकण थोडं उचलून ठेवतात.

गादीबद्दल आमचं अजून एकमत नाही. दादांना ३ सेंमी कमी वाटते, वहिनींना बरोबर वाटते. वहिनी जास्त वेळ सुकाणूवर असतात, त्यामुळे गादी ३ सेंमीचीच राहणार आहे. येत्या दुरुस्तीच्या काळात एकच मोठं काम बाकी आहे, खड्ड्यावर टाकायची पट्ट्यांची फळी, म्हणजे नांगरावर दोन्ही बाकं जोडून उघड्यावर झोपता येईल. त्याचा पुठ्ठ्याचा नमुना तयार आहे, आणि या वेळी तो टिलर पूर्ण डावी-उजवीकडे फिरवून आधीच तपासलाय.